नवरा गेला, कर्ज मागे राहिलं: बायकोला काय फेडावं लागतं आणि काय नाही

दाजी गेले त्याच्या नवव्या दिवशी पतसंस्थेचा माणूस घरी आला. बसला, पाणी प्यायला, हळहळला आणि मग पिशवीतून कागद काढला. "ताई, नुसती कळवल्याची सही. साहेबांना दाखवायला लागते." ताईने डोळे पुसले आणि सही केली. कागदावर लिहिलं होतं, ‘माझ्या पतीच्या कर्जाची वरील रक्कम मला मान्य असून ती मी स्वतः हप्त्याहप्त्याने फेडीन.’

त्या कर्जावर तोपर्यंत ताईची कुठेच सही नव्हती. जामीनदार दोघे होते, दोघेही दाजींचे मित्र. ती एक सही निस्तरायला आम्हाला दोन वर्षं लागली. कोर्टाच्या पायऱ्या, सहकारी संस्थांचं निबंधक कार्यालय, विधी सेवा प्राधिकरण, सगळीकडे मी ताईबरोबर होते. त्या दोन वर्षांत कळलेलं सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय, त्या घरातल्या शेजारणीने, भावाने, नणंदेने हे वाचावं. जिचा नवरा गेलाय तिला त्या दिवसांत वाचायचं भान नसतं.

मूळ नियम

लग्न झालंय म्हणून नवऱ्याचं कर्ज बायकोवर किंवा बायकोचं नवऱ्यावर येत नाही. (गोव्यात थोडं वेगळं आहे, ते पुढे सांगते.) कर्ज जिवंत जोडीदारापर्यंत दोनच वाटांनी पोचतं.

पहिली वाट सहीची. तुम्ही त्या कर्जात सहकर्जदार असाल, जामीनदार असाल किंवा स्वतःच्या नावावरची मालमत्ता तारण दिली असेल, तर ते तुमचंही कर्ज आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सहकर्जदार आणि जामीनदार यांना आपल्या पगारातून, आपल्या घरातून देणं लागतं. तारण देणारीने बाकी कुठे सही केली नसेल तर तिची जबाबदारी त्या तारणापुरती.

दुसरी वाट वारशाची. गेलेल्या माणसाची जी मालमत्ता तुमच्या हातात आली, तेवढ्यापुरतंच त्याचं देणं तुमच्याकडे येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० मध्ये हे स्पष्ट आहे.

आकड्यात सांगते. समजा नवऱ्याच्या नावावर ठेवी आणि गाडी मिळून चार लाखांचा ऐवज आहे आणि विनातारण कर्ज सात लाखांचं. मागे बायको, दोन मुलं आणि आई. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हे चौघे पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाला एक लाख. सावकार किंवा बँक या चौघांकडून मिळून जास्तीत जास्त चार लाख वसूल करू शकते. उरलेले तीन लाख बुडाले. बायकोचा स्वतःचा पगार, माहेरहून आलेलं सोनं, तिच्या नावचा प्लॉट यांना हात लावता येत नाही.

‘बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर’ ही समजूतही आता कायद्यात उरलेली नाही. पूर्वी पितृऋण म्हणून केवळ नात्यापोटी मुलगा-नातवावर दावा करता येत असे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो आधार काढून टाकला. त्या तारखेनंतरच्या कर्जासाठी कोर्ट असा दावा ऐकत नाही. तरीही गावात वसुलीवाले म्हणतात, "पोराला फेडावंच लागेल." म्हणू देत.

दिवसकार्य होईपर्यंत

एकाही कागदावर सही करू नका. ‘पोच’, ‘कळवलं’, ‘फक्त फॉर्मॅलिटी’, काहीही म्हणोत. कोणी कागद आणला तर म्हणा, "ठेवून जा, वाचून कळवते." ठेवायला तयार नसेल तर समजून घ्या की वाचायला दिला तर चालणार नाही असं त्यात काहीतरी आहे.

स्वतःचा धनादेश तर मुळीच देऊ नका. गेलेल्या माणसाने दिलेले धनादेश वटले नाहीत तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी खटला त्याच्या वारसांवर चालत नाही. पण तुम्ही स्वतःच्या खात्याचा धनादेश दिलात आणि तो परत गेला, तर आरोपी तुम्ही. अनेक बायका नेमक्या याच जाळ्यात सापडतात.

त्यांचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. पिन माहीत असतो, घरात खर्च असतो, मला कळतं. पण पुढे दुसरा वारस किंवा बँक हिशेब मागते तेव्हा ते काढलेले पैसे गळ्याशी येतात. क्रेडिट कार्डावरचं पुरवणी कार्ड तुमच्याकडे असेल तर तेही त्याच दिवसापासून बंद.

आणि हक्कसोडपत्र नको. दिवसकार्यातच कोणीतरी वडीलधारं म्हणतं, "कर्जाची भानगड तुझ्या मागे नको, हक्क सोडून दे, आम्ही बघतो." कर्जाचा बागुलबुवा दाखवून विधवेचा जमिनीतला वाटा काढून घ्यायचा हा जुना डाव आहे. तिच्यावर येऊ शकणारं कर्ज तिला मिळणाऱ्या वाट्यापेक्षा जास्त नसतंच, मग वाटा सोडून तिने काय वाचवलं? हक्कसोडाचा विचार करायचाच असेल तर सहा महिन्यांनी, स्वतःच्या वकिलाला विचारून.

या दिवसांत एक वही मात्र घाला. कोणती वस्तू, किती रक्कम हातात आली आणि कशावर खर्च झाली, तारखेसह. दवाखान्याची बिलं, अंत्यविधीचा खर्च, पावत्या. वारशाने आलेली मालमत्ता कुठे गेली हे कोर्टात दाखवता आलं नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२ प्रमाणे तेवढ्या रकमेपुरती जबाबदारी वैयक्तिक होते. ताईची ती शंभर पानी वही नंतर फार कामी आली.

कर्ज किती आणि कुठे, हे शोधणं

मृत्यूचे दाखले दहा-पंधरा प्रती काढून घ्या, सगळीकडे लागतात. मग शोध सुरू करा.

बँकांचे गेल्या दोन-तीन वर्षांचे खातेउतारे घ्या. दर महिन्याला त्याच तारखेला जाणारी रक्कम म्हणजे हप्ता किंवा विम्याचा प्रीमियम. त्यांचा फोन चालू ठेवा, सिमकार्ड लगेच बंद करू नका, कारण थकबाकीचे आणि विम्याचे संदेश तिथेच येतात. गाडीच्या आरसी पुस्तकावर फायनान्स कंपनीचं नाव आहे का बघा. जमीन असेल तर ताजा सातबारा काढून ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा शोधा. शहरात मालमत्ता पत्रक. घर किंवा फ्लॅट बँकेकडे गहाण आहे का ते सरसाई या केंद्रीय नोंदणीच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून कोणालाही बघता येतं.

दाजी आणखी दोघांना जामीन होते, हे आम्हाला आठ महिन्यांनी कळलं. तेव्हा कर्ज शोधताना त्यांनी घेतलेलं आणि त्यांनी दुसऱ्यासाठी जामीन राहिलेलं, दोन्ही शोधा. पतसंस्थांमध्ये ‘तू मला, मी तुला’ असं चालतं. जामीनदार गेला तरी आधी दिलेल्या कर्जाची त्याची जबाबदारी त्याच्या मालमत्तेवर राहते. चालू स्वरूपाची हमी असेल तर मृत्यूनंतरच्या नव्या व्यवहारांना ती लागू होत नाही, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर.

कागद मागण्याचं पत्र

प्रत्येक संस्थेला लेखी पत्र द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी बोलणं नको. ताईच्या वकीलबाईंनी दिलेला मसुदा असा होता:

‘माझे पती कै. ... यांचे दि. ... रोजी निधन झाले आहे. मृत्यू दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यांच्या नावे आपल्याकडे असलेल्या सर्व कर्जांचे अर्ज, मंजुरीपत्र, करारनामा, जामीनपत्र, तारणाचे कागद, आजपर्यंतचा संपूर्ण खातेउतारा आणि कर्जाला जोडलेल्या विम्याची पॉलिसी यांच्या प्रती मला मिळाव्यात. तसेच त्यांच्या सर्व ठेवी, शेअर्स व लॉकरची माहिती मिळावी. हे पत्र केवळ माहितीसाठी असून यात कोणत्याही रकमेची कबुली किंवा ती फेडण्याचे वचन नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. मुदतीच्या हिशेबात त्याला फार किंमत आहे.

कागद आले की प्रत्येक पानावर सही कोणाची, ते बघा. ‘सहकर्जदार’ लिहिलंय की ‘जामीनदार’, की नुसती ‘साक्षीदार’? साक्षीदारावर कर्ज येत नाही. तुमची म्हणून केलेली सही तुमची नसेल तर लगेच लेखी हरकत घ्या. घरात आणून ‘इथे कर, इथे कर’ म्हणत करून घेतलेल्या सह्या मात्र सह्याच असतात, वाचलं नव्हतं हे कारण सहसा चालत नाही.

विमा आधी, कर्ज नंतर

हप्त्याच्या चिंतेत लोक इथे चुकतात. कर्जाबद्दल काहीही ठरवण्याआधी विमा शोधा.

गृहकर्ज आणि वाहनकर्ज देताना बरेचदा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवून कर्जविमा काढलेला असतो. मंजुरीपत्रात किंवा पहिल्या उताऱ्यात तो दिसतो. तो असेल तर विमा कंपनी कर्जाची ठरलेली रक्कम बँकेला देते. बँक स्वतःहून सांगेल अशी वाट बघू नका. बचतगटांच्या आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जात तर कर्जदार बाईबरोबर नवऱ्याचाही विमा अनेकदा असतो.

पासबुकात मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये वजा झालेत का? ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, दोन लाखांची. २० रुपये वजा झाले असतील तर ती सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाख. दावा त्याच बँक शाखेत करायचा.

नोकरीत भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याला जोडलेला ईडीएलआय विमा असतो, कमाल सात लाखांपर्यंत. कामगारांच्या बायकांना हा माहीतच नसतो. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळतात. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज द्यायचा असतो, म्हणून हा कागद सगळ्यांत आधी.

ज्या पैशाला सावकार हात लावू शकत नाही

सगळा पैसा ‘मयताची मालमत्ता’ नसतो.

कुटुंब निवृत्तिवेतन तुमचा स्वतःचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटलंय की ते मयताच्या मालमत्तेचा भाग नाही. भविष्य निर्वाह निधीची रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला मिळते ती मयताच्या कर्जापासून मोकळी, असं १९५२ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली नवऱ्याने बायको-मुलांसाठी विमा काढला असेल तर तो विश्वस्त निधीसारखा असतो, नवऱ्याच्या धनकोंना त्यात जागा नाही. साध्या आयुर्विम्याचे पैसेही जप्तीपासून वाचवलेले आहेत, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर नामनिर्देशित बायको, मुलं, आईवडील हे त्या पैशांचे लाभधारक मालक मानले जातात. पॉलिसीच बँकेकडे तारण ठेवली असेल तर अर्थात आधी बँक.

स्त्रीधन, म्हणजे लग्नात-माहेरून-सासरहून तुम्हाला मिळालेलं, पूर्णपणे तुमचं. ते नवऱ्याच्या कर्जात जात नाही. शिवाय जप्तीच्या वेळी नेसूची वस्त्रं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि रूढीने बाईला अंगावरून काढता न येणारे दागिने घेता येत नाहीत, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं. मंगळसूत्राकडे बोट दाखवणाऱ्या वसुलीवाल्याला हे ऐकवा.

बँकेतल्या ठेवी मात्र वेगळ्या. नामनिर्देशन तुमचं असलं तरी तुम्ही त्या पैशाच्या विश्वस्त, पैसे सगळ्या वारसांचे. शेअर्सबाबतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. आणि ज्या बँकेत ठेव त्याच बँकेचं कर्ज असेल तर बँक ठेवीतून ते वळतं करून घेऊ शकते. म्हणून तुमचा पगार, निवृत्तिवेतन, विम्याचे पैसे यांच्यासाठी कर्ज नसलेल्या दुसऱ्या बँकेत, फक्त तुमच्या नावाने नवं खातं उघडा. संयुक्त खात्यात येऊ देऊ नका.

कर्जाचा प्रकार बघून पाऊल

गृहकर्जात बहुतेक बायका सहकर्जदार असतातच, कारण बँका तसा आग्रह धरतात. मग कर्ज तुमचं आहे आणि व्याज मृत्यूने थांबत नाही. विमा नसेल तर बँकेकडे लेखी मागा: मुदत वाढवून हप्ता कमी करा, काही महिने सवलत द्या. झेपत नसेल तर घर स्वतः विकून कर्ज फेडणं लिलावापेक्षा नेहमीच बरं, किंमत चांगली येते. सहकर्जदार नसाल तर घर गहाण असल्याने ते जाऊ शकतं, पण विकून उरलेली तूट तुमच्या खिशातून मागता येत नाही. सरफेसी म्हणजे थकलेल्या कर्जाचं तारण कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा कायदा. त्याखाली बँकेला आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तिला लेखी हरकत घ्या, १५ दिवसांत उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. शेतजमिनीला सरफेसी लागू नाही.

सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा जमिनीबरोबर वारसांकडे येतो. थकलं तर संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि जमिनीचा लिलाव करू शकते. त्या अर्जाची सुनावणी निबंधकाकडे होते, नोटीस आली की हजर राहा. तिथे दोन गोष्टी नोंदवून घ्यायच्या: दाखल्यात माझं नाव ‘मयताची वारस’ म्हणून असावं, कर्जदार म्हणून नाही, आणि वसुली फक्त मयताच्या मालमत्तेपुरती असावी. ताईच्या प्रकरणात सगळी लढाई या एका ओळीची होती. ती ओळ आली आणि ताईचा शिवणकामाच्या दुकानाचा पैसा वाचला. वारस नोंद मात्र टाळू नका. जमीन महसूल संहितेप्रमाणे ती तीन महिन्यांत कळवायची असते. नोंद केली म्हणून कर्ज वाढत नाही, नोंद नसली म्हणून बोजा पळत नाही.

सोनेतारणात दागिना फेडून सोडवायचा की लिलावाला जाऊ द्यायचा, एवढाच प्रश्न. दागिन्याची किंमत कर्जापेक्षा जास्त असेल तर उसने पैसे काढूनही सोडवावा. लिलावाची नोटीस त्यांच्या जुन्या पत्त्यावर जाईल, म्हणून वारस म्हणून तुमचा पत्ता लेखी कळवा.

क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज विनातारण असतं. इथे फोनवर सगळ्यांत जास्त धमक्या येतात आणि हातात सगळ्यांत कमी असतं. मयताच्या नावावर काही नसेल तर लेखी कळवा की वारसाने काहीही मालमत्ता मिळालेली नाही. पुरवणी कार्ड तुमच्याकडे असलं तरी थकबाकीची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते.

नवऱ्याचं दुकान किंवा धंदा स्वतःच्या एकट्याच्या नावावर असेल तर एक काळजी घ्या. तुम्ही तोच धंदा पुढे चालवला तर जुना थकलेला जीएसटी तुमच्यावर येतो. बंद केला तर फक्त मयताच्या मालमत्तेतून जातो. आयकराचंही मालमत्तेपुरतंच देणं असतं, पण कर बाकी असताना मालमत्ता विकून टाकली तर वारस वैयक्तिकरीत्या अडकतो.

राहिला गावचा सावकार आणि हातउसने. ‘दादांनी माझ्याकडून दोन लाख नेले होते’ म्हणत तेराव्याला पाच माणसं येतात. खरी असतीलही. पुरावा मागा: चिठ्ठी, बँकेतून गेलेले पैसे, साक्षीदार. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तो गुन्हा आहे. शेतकऱ्याची जमीन सावकारीपोटी लिहून घेतली असेल तर जिल्हा निबंधकाकडे तक्रार करून ती परत मिळवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. खरं हातउसनं फेडावंसं वाटलं तर जरूर फेडा, मनाला बरं वाटतं. आधी घरातल्या चुलीचा आणि मुलांच्या फीचा हिशेब करून.

तीन वर्षांचा हिशेब

साध्या विनातारण कर्जासाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो, गहाणाला बारा वर्षं. पण मुदत संपण्याआधी कोणी लेखी कबुली दिली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. थोडी रक्कम भरली आणि त्याची सही असलेली नोंद राहिली तरी तसंच. ‘निदान पाचशे रुपये तरी भरा, खातं जिवंत राहील’ असं वसुलीवाला म्हणतो तेव्हा कोणाचं काय जिवंत राहणार आहे ते ओळखा. मुदत संपल्यावरही लेखी वचन दिलं तर ते बंधनकारक होऊ शकतं.

वसुलीवाले

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीचे फोन करता येत नाहीत. घरात मृत्यूसारखा प्रसंग असताना वसुलीची भेट टाळावी, असं बँकांच्या आचारसंहितेतही आहे. फोन आला की नाव, संस्था, ओळखपत्र क्रमांक वहीत लिहा आणि एवढंच म्हणा: "जे असेल ते लेखी पाठवा." बँक किंवा फायनान्स कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था लोकपालाखाली येत नाही. तिची तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे. धमकी, शिवीगाळ झाली तर सरळ पोलीस ठाणं.

लोकअदालतीची नोटीस आली म्हणून घाबरू नका. ती समेटाची बैठक असते, तिथे सही करण्याची सक्ती नाही. पण सही केलीत तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखा अंतिम. कोर्टाचं समन्स मात्र कधीही टाळायचं नाही. गैरहजर राहिलं की ‘मयताच्या मालमत्तेपुरतं’ हा बचाव मांडायला कोणीच नसतं. वकिलाला पैसे नाहीत ही अडचण नाही: स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० वर विचारा. ताईला वकीलबाई तिथूनच मिळाल्या.

गोवा, मुस्लीम कुटुंबं आणि बायको आधी गेली तर

गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता समाईक होते, निम्मी निम्मी. तिथे दोघांच्या संमतीने काढलेलं कर्ज समाईक मालमत्तेवर पडतं, पण तुमचं अर्धं हे वारशाने आलेलं नसून आधीपासूनच तुमचं असतं. वाटप इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्ता आणि देण्यांची यादी करण्याच्या, कोर्टातल्या प्रक्रियेत होतं, तिथे प्रत्येक कर्जावर हरकत घेता येते. गोव्यातल्या वकिलालाच विचारा.

मुस्लीम कायद्यातही वारस आपापल्या वाट्यापुरतेच जबाबदार. शिवाय न दिलेली मेहर हे नवऱ्याचं कर्जच आहे, म्हणजे विधवा स्वतः धनको आहे आणि तिने ती रक्कम आधी मागावी.

बायको गेली आणि तिच्या नावावर बचतगटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर नवऱ्यालाही हेच सगळे नियम. हिंदू स्त्रीचे पहिले वारस तिची मुलं आणि नवरा. मूलबाळ नसेल तर आईवडिलांकडून तिला वारशाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे जाते, नवऱ्याकडे नाही. त्या जमिनीपोटी कोणी नवऱ्याकडे पैसे मागत असेल तर त्याला हे सांगा.

फेडलं तर कागद घ्या

तडजोड झाली तर रक्कम, ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द आणि जामीनदारांची सुटका, तिन्ही लेखी आल्यावरच पैसे भरा, आणि रोखीने नको. नंतर बेबाकी दाखला, म्हणजे काहीही बाकी नसल्याचा दाखला, घ्या. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद देण्याची पद्धतही त्यांनी ठरवलेली असायला हवी. गाडी असेल तर आरसीवरचं फायनान्सचं नाव आरटीओतून काढून घ्या.

जमिनीवर बोजा असेल तर बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ताईच्या उताऱ्यावर पहिल्या खेपेला एकच बोजा उतरला होता, दुसरा तसाच राहिला होता. पुन्हा अर्ज केला, मग तो गेला.